कोळसा आपोआप पेटतो, त्यात दगडाचा हात किती?

चंद्रपूर, घुग्गुस, वणीकडे गेलात तर रस्त्याकडेला मोठमोठे ढिगारे दिसतात. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि खडक काढावे लागतात, ते इथे टाकलेले असतात. खाणकामगार त्याला 'ओबी', म्हणजे ओव्हरबर्डन म्हणतात. (यवतमाळच्या झरी-जामणी तालुक्यातही, मुकुटबन भागात, कोळसा आहे. परभणीची झरी वेगळी. ती बेसाल्टवर वसली आहे, तिथे हा प्रश्न नाही.)

कोळशाला पेटायला काडी लागत नाही. हवेतला ऑक्सिजन शोषताना तो थोडी उष्णता सोडतो. ती निघून गेली तर काही होत नाही. अडकली तर तापमान चढतं, आणि दर 10 अंशांना ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. शेवटी धूर, मग आग.

आता दगड. स्वच्छ वालुकाश्म जळत नाही, उलट उष्णता शोषून घेतो. म्हणजे दगड मिसळला की धोका कमी, असं वाटेल. पण कोळशाच्या थरांलगत काळा, कार्बनयुक्त शेल असतो. तो दगड म्हणूनच टाकला जातो, पण त्यात जळण्याजोगा भाग असतो. सोबत पायराइट असेल तर ओलाव्यात त्याचंही ऑक्सिडीकरण होऊन उष्णता निघते आणि दगड फुटून नवे पृष्ठभाग उघडे पडतात.

खरी गोम मात्र टाकण्याच्या पद्धतीत आहे. डंपर उंचावरून माल ओततो तेव्हा मोठे धोंडे घरंगळत पायथ्याशी जातात, बारीक चुरा वर राहतो. पायथ्याच्या फटींतून हवा आत शिरते, तापून वर चढते, खालून आणखी हवा ओढते. ढिगारा आपोआप धुराडं बनतो. हवा फारच कमी असेल तर आग लागत नाही, भरपूर खेळती असेल तर उष्णता निघून जाते. मधली स्थिती सर्वांत वाईट, आणि सैल ढिगाऱ्यात तीच सहज तयार होते.

भूमिगत खाणीतही तेच. कोळसा काढून झालेल्या पोकळीत, म्हणजे गोफमध्ये, छत कोसळतं. शेल आणि उरलेला कोळसा एकत्र पडतात, फटींतून हवा झिरपते. म्हणून काही ठिकाणी वाळू भरतात, काही ठिकाणी भाग भिंतींनी बंद करतात.

उघड्या खाणीवरचा उपाय साधा, पण खर्चिक: पातळ थर टाकून दाबायचे, शेल आत गाडायचा, वरून मातीचा जाड थर द्यायचा. आग दिसायच्या आधी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे बंद भागातल्या हवेचे नमुने नियमित तपासणं हाच कामगाराला वेळेवर मिळणारा इशारा.