कमरख, करंबळ, स्टारफ्रूट

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आमच्या घरामागे कमरखाचं एक झाड आहे. आजोबांनी ते बी पेरून वाढवलं. जबलपूरचा हिवाळा कडक आणि या झाडाला कोवळेपणी थंडी सोसत नाही, म्हणून पहिले दोन हिवाळे त्यांनी रोपावर रोज रात्री पोतं घातलं, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काही वर्षांनी थेट जुन्या फांद्यांवरच गुलाबी-जांभळ्या फुलांचे बारीक झुबके आले आणि त्यामागोमाग पाच धारांची फळं. आडवं कापलं की चांदणी. दिवस मावळला की झाडाची पानं मिटतात, तेव्हा आजी म्हणायची, ‘आता त्याला हात लावू नका.’

आजी रत्नागिरीकडची. ती या फळाला करंबळ म्हणायची. जबलपुरात वाढलेली माझी आत्या बाजाराप्रमाणे कमरख म्हणे. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही शब्द नांदत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. कच्ची फळं आमटीत चिंचेऐवजी पडत, पिकलेल्यांचा गूळ घालून मुरंबा होई, आणि उरलीसुरली आंबट फळं पितळेची भांडी घासायला जात. भांडी लखलखीत निघत. ती करामत फळातल्या ऑक्झॅलिक आम्लाची, हे पुष्कळ पुढे कळलं. शाळेच्या फाटकाशी हातगाडीवर याच फळाच्या चकत्या काळं मीठ आणि तिखट लावून मिळत.

तिसरं नाव घरात आलं 2018 साली, एका छापील कागदावरून. आत्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं होतं. काय खायचं, काय टाळायचं, याची इंग्रजी यादी तिला मिळाली. ‘तू भाषांतर करतेस ना, मग मला हे मराठीत लिहून दे,’ आत्या म्हणाली. मी लिहून दिलं. केळं, नारळपाणी, टोमॅटो, सुकामेवा. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘स्टारफ्रूट’ होतं. मी ते देवनागरीत उतरवलं आणि पुढे गेले.

गंमत म्हणावी तर त्याच महिन्यांत मी गार्सिया द ओर्ता वाचत होते. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचं जाणं-येणं होतं. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात कापराची चर्चा चालू असताना तो अंतोनिया नावाच्या दासीला अंगणातल्या झाडाची फळं तोडून आणायला सांगतो. ती फळं कारांबोला. हे नाव मलबारचं, आम्ही फळ प्रथम तिथे पाहिलं म्हणून नावही तिथलंच उचललं, असं तो पाहुण्याला समजावतो. गोव्याच्या आणि दख्खनच्या लोकांचा शब्द म्हणून तो ‘कामारिझ’ नोंदवतो. म्हणजे आत्याच्या कमरखाचाच भाऊ. या फळाचा साखरेतला पाक तो रोग्यांना देत असे.

इंग्रजी शब्दकोश मात्र कारांबोलाची व्युत्पत्ती देताना मराठी ‘करंबळ’कडे बोट दाखवतात. 1886च्या हॉब्सन-जॉब्सननेही मोल्सवर्थच्या मराठी कोशाचा हवाला दिला आहे. दोन्ही नावांच्या मागे संस्कृत ‘कर्मरंग’ आणि त्याची भावंडं उभी आहेत. पोर्तुगीज जहाजांतून शब्द युरोपात गेला आणि तिथे भलत्याच टेबलावर जाऊन पडला. बिलियर्ड्समधल्या लाल चेंडूला कारांबोला म्हणू लागले, फळावरूनच असावं असं बऱ्याच कोशकारांचं मत. एका चेंडूने दोन चेंडूंना टिपणं म्हणजे ‘कॅरम’, आणि आपल्या घराघरांतल्या बोर्डाचं नावही त्याच कुळातलं मानतात. 1875 मध्ये याच जबलपुरात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर स्नूकरचा खेळ बसवला. कोकणातून निघालेला शब्द असा वळसा घालून आमच्या गावी पोचला असेल तर मला नवल वाटणार नाही.

लिनियसने 1753 मध्ये झाडाला शास्त्रीय नाव दिलं, ‘अ‍ॅव्हर्‍होआ कारांबोला’. पहिला शब्द इब्न रुश्द या कॉर्डोव्हाच्या तत्त्वज्ञ वैद्यावरून. लॅटिन युरोप त्याला अ‍ॅव्हेरोइस म्हणे. त्याच्या अ‍ॅरिस्टॉटलवरच्या काही भाष्यांचं मूळ अरबी हरवलं आहे. ती आज हिब्रू आणि लॅटिन भाषांतरांतच उरली आहेत. माझ्या धंद्याला यापरता मोठा मान कुठला, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

2019च्या जानेवारीत झाड लगडलं होतं. एका दुपारी आत्याने उन्हात बसून दोन फळं खाल्ली. संध्याकाळी तिला उचकी लागली. पाणी झालं, साखर झाली, पाठ चोळून झाली. ‘आत्या, कोण एवढी आठवण काढतंय गं?’ आम्ही हसत होतो. आत्याने माहेरच्या-सासरच्या सगळ्यांची नावं घेऊन पाहिली. उचकी थांबेना. रात्री दहाच्या सुमारास ती ओकली आणि मला आजीच्या नावाने हाक मारू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आज वेगळं काय खाल्लं? भाऊ म्हणाला, ‘काही नाही, घरचंच. वरण-भात आणि अंगणातलं कमरख.’ तरुण डॉक्टर बाहेरगावचे होते. शब्द त्यांच्या कानावरून गेला. मी बाकावर बसले होते. कमरख, कामारिझ, कारांबोला, अशी ओळ डोक्यात लागली आणि शेवटी स्वतःच्या अक्षरातला तो शब्द दिसला. मी उठून सांगितलं, ‘स्टारफ्रूट. दोन.’ त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. त्याच रात्री डायलिसिस लावलं. तिसऱ्या दिवशी उचकी थांबली, आणि आत्याने मला माझ्या नावाने हाक मारली.

नंतर मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. ब्राझीलमधल्या रिबेराँव प्रेतोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये डायलिसिसवरच्या सहा रुग्णांची हकिकत छापली, 2003 मध्ये बत्तीस जणांची. न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके, आणि काहींचा मृत्यू. 2013 मध्ये तिथल्याच संशोधकांनी फळातलं विष वेगळं काढलं आणि त्याला कॅरॅम्बॉक्सिन म्हटलं. धडधाकट मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही, मग ते मेंदूपर्यंत पोचतं. अशा रुग्णाला अर्धं फळही बाधू शकतं. त्यावर उपाय ताबडतोब डायलिसिस. शिवाय या फळात ऑक्झॅलेट भरपूर. उपाशीपोटी त्याचा रस पेलेच्या पेले प्यायल्याने निरोगी माणसाचीही मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणसाने कधीमधी चकतीभर मीठ लावून खाण्यात मात्र भय नाही. मूत्रपिंडाचा कुठलाही आजार असेल, तर चाखूनही पाहू नये.

या विषाच्या नावातही करंबळच आहे. ओर्ताला पाकातला गुण दिसला होता. हा दोष त्याला दिसण्याचं कारण नव्हतं, कारण मूत्रपिंडं बंद पडल्यावर वर्षानुवर्षं जगणारी माणसं त्याच्या काळी नव्हतीच. माझ्यापुढे मात्र दोन्ही कागद होते, एका टेबलावर.

आत्याला मी कबूल केलं, की चूक माझी. मी शब्द लिपीत उतरवला, भाषेत नाही. ती म्हणाली, ‘अगं, मला वाटलं किवीसारखं काहीतरी मॉलमध्ये मिळणारं असेल. आपल्या झाडाला कोण इंग्रजी नाव देईल?’

त्यानंतर ती सव्वादोन वर्षं होती. झाड तोडायचं का, यावर घरात बराच वाद झाला. आत्यानेच तोडू दिलं नाही. मी यादी नव्याने लिहून फ्रिजवर लावली आणि त्या ओळीत तिन्ही नावं लिहिली. शेजारीपाजारी फळं मागायला येतात, तेव्हा आजही देण्याआधी मी विचारते, घरात कुणाला किडनीचा त्रास आहे का? आणि विचारताना कमरख, करंबळ, स्टारफ्रूट, तिन्ही शब्द उच्चारते.