एका वेलांटीची किंमत

स्क्रीनवर काहीही गोल फिरवायचं असेल, तर कोडमध्ये कुठेतरी 'साइन' येतोच. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुढची नोकरी यांत मी तो असंख्य वेळा वापरला, पण हा शब्द आला कुठून, असा प्रश्न कधी पडला नाही.

गोष्ट सुरू होते धनुष्यापासून. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याची टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी. संस्कृतात तिला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणत. ग्रीक खगोलज्ञ अख्खी जीवा मोजायचे. भारतीयांनी अर्धी घेतली. ती 'अर्धज्या'. पुढे 'अर्ध' गळून नुसतं 'ज्या' उरलं.

इसवी सन 499च्या सुमारास आर्यभटाने अशा 24 ज्यांमधले फरक एका श्लोकात बसवले. त्यासाठी त्याचं स्वतःचं एन्कोडिंग होतं. पहिला आकडा 225, म्हणजे 'मखि': म म्हणजे 25, ख म्हणजे 2 आणि खच्या वेलांटीने गुणिले 100. वेलांटी विसरलात, तर 225चे थेट 27!

आठव्या शतकात बगदादमध्ये संस्कृत ज्योतिषग्रंथ अरबीत जाऊ लागले. 'जीवा'चं भाषांतर न करता अरबांनी उच्चारच ठेवला. फक्त 'व'चा 'ब' झाला: 'जीबा'. पण लिहिताना उरलं ज-य-ब. त्यातला य 'ई' म्हणूनही वाचता येतो, 'ऐ' म्हणूनही. 'जीबा'ला अरबीत काहीच अर्थ नव्हता; 'जैब' मात्र ओळखीचा. कपड्याचा गळा, छातीजवळची घडी, खिसा. हिंदीतला 'जेब' तोच.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या अनुवादकांनी या 'जैब'चं इमानदारीत लॅटिन केलं: 'सायनस', म्हणजे घडी, खोबण. त्याचाच पुढे 'साइन' झाला. सर्दीत ठणकणारा सायनसही हाच शब्द.

त्यामुळे 'साइन मूळचा संस्कृत' असा फॉरवर्ड आला, तर जरा थांबा. त्यात 'जीवा'चं एकही अक्षर उरलेलं नाही. टिकली ती कल्पना, आणि तीही तीन भाषांतल्या माणसांनी जपली म्हणून. चूक झाली ती फक्त स्वर वाचताना.

दहावीच्या पुस्तकात वर्तुळाच्या धड्यात जीवा होती, त्रिकोणमितीत साइन. मधे फक्त काही पानं. पण दोघांची ओळख आम्हाला कुणीच करून दिली नाही.