औंढ्याचे देऊळ

१२. हे औंढा नागनाथ. लेखकाने ‘परभणी जिल्हा’ लिहिले आहे ते त्या काळी बरोबरच होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मूळ मंदिर यादवकाळातले, आक्रमणात भंगलेले. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना (१७२५–१७९५) दिले जाते. दोन काळ भिंतीवर उघड दिसतात. खाली काळ्या दगडातले शिल्पांचे थर, वर विटा-चुन्याचे पांढरे शिखर. वाचकाने वरच्या बांधणीवर न थांबता खालच्या थरांना वेळ द्यावा, खरे वैभव तिथे आहे. लिंग तळघरवजा गाभाऱ्यात. अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून उतरावे लागते. नंदी समोर नाही, त्याचे देऊळ मागे वेगळे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे घालवले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा लोक याच मांडणीशी जोडतात. विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला तो इथेच, अशी वारकरी परंपरा आहे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसीही याच जिल्ह्यात आहे. म्हणून पुढील प्रकरणातला नरसीचा मजकूर या टिपेसोबत वाचावा. — संपादक