आरवलीचा ‘मोदक’: लिटल चॅम्प्सच्या प्रथमेश लघाटेचं पुढे काय झालं?

जून २०२३ मध्ये इन्स्टाग्रामवर एक फोटो आला. कॅप्शन होती, ‘आमचं ठरलंय’. फोटोत होते प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन. फोटो बघता बघता सगळीकडे फिरला. अभिनंदनाचा पाऊस पडला, पण त्यासोबत आणखी एक सूर लागला. ‘अरे, ही तर त्याला दादा म्हणायची ना?’

गंमत बघा. फोटोतली दोघं विशी-तिशीतली, स्वतःच्या पायावर उभी असलेली माणसं. पण कमेंट करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती २००८ सालची पोरं. एक कोकणातला गुबगुबीत ‘मोदक’ आणि दुसरी चुरूचुरू बोलणारी ‘लिटल मॉनिटर’.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून मोठ्या झालेल्या मुलांचं हेच होतं. ती वाढतात, प्रेक्षकांच्या मनातली त्यांची प्रतिमा मात्र तेवढीच राहते. मग अशा मुलाने गायक म्हणून मोठं कसं व्हायचं? प्रथमेशचा प्रवास त्यासाठीच समजून घ्यायला हवा.

आरवली नेमकी कुठली?

प्रथमेश रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या आरवलीचा. आरवली म्हटलं की अनेकांना वेंगुर्ल्याजवळची, वेतोबाची आणि जयवंत दळवींची आरवली आठवते. ती सिंधुदुर्गात. प्रथमेशची आरवली मुंबई-गोवा महामार्गावर, चिपळूण आणि संगमेश्वर यांच्या मधली. गरम पाण्याच्या कुंडांसाठी हे गाव ओळखलं जातं. कोकण रेल्वेवर ‘आरवली रोड’ नावाचं छोटं स्टेशनही आहे.

मुंबईपासून हे गाव अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब. टीव्हीचं सगळं जग मुंबईत. म्हणजे अशा गावातल्या मुलासाठी स्पर्धेत उतरणं म्हणजे नुसतं गाणं नव्हे. प्रवास, मुक्काम, बुडणारी शाळा आणि सोबत घरातलं कुणीतरी मोठं माणूस, एवढं सगळं त्यात येतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला ऑडिशन म्हणजे एका दिवसाचं काम. गावाकडच्या मुलासाठी तो अख्ख्या घराने घेतलेला निर्णय असतो.

२००८ चा तो सीझन एवढा का गाजला?

हिंदीत ‘सा रे ग म’ची सुरुवात १९९५ साली झी टीव्हीवर झाली. सूत्रसंचालक होता सोनू निगम. मार्च २००५ मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला आणि मराठी घरांमध्येही एसएमएस करून गायक निवडायची चटक लागली. त्यानंतर झी मराठीवर मराठी ‘सा रे ग म प’ आलं.

जुलै २००८ मध्ये त्याचं लहान मुलांचं पर्व सुरू झालं, ‘लिटल चॅम्प्स’. सूत्रसंचालक पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. इथे परीक्षक गुण आकड्यांत नाही, सुरांत द्यायचे. ‘ध’, ‘नी’ आणि गाणं फारच रंगलं तर ‘वरचा सा’. गाण्यातलं काही न कळणारी माणसंही त्या काळात घरात बसून एकमेकांना ‘नी’ देत होती.

पाच मुलं महाअंतिम फेरीत पोहोचली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आरवलीचा प्रथमेश लघाटे. नावांपुढची गावं बघा. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, कोकण. जवळपास प्रत्येक भागाला ‘आपलं’ म्हणावं असं एक पोर मंचावर होतं. शिवाय प्रत्येकाचा गाण्याचा बाजही वेगळा. कार्तिकीचा खडा, मोकळा आवाज, रोहितचा रॉक बाज, आर्याचा गोड गळा, मुग्धाचा धिटाईचा सूर. आणि प्रथमेश? नाट्यगीत, अभंग, रागदारीचा पाया असलेली गाणी. ज्या वयात मुलं सिनेमातली गाणी गुणगुणतात, त्या वयात तो नाट्यपदातल्या हरकती घेत होता.

फेब्रुवारी २००९ मध्ये निकाल लागला. विजेती ठरली कार्तिकी. पण लोकांनी पाचही जणांना डोक्यावर घेतलं. ‘पंचरत्न’ हे नाव तेव्हापासून चिकटलं ते आजपर्यंत.

आवाज फुटतो तेव्हा काय होतं?

स्पर्धा संपली तेव्हा प्रथमेश किशोरवयाच्या उंबरठ्यावर होता. मुलगा असलेल्या बालगायकासाठी हा सर्वांत अवघड टप्पा. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण इतका नाही.

याचा अर्थ साधा आहे. ज्या आवाजाने नाव मिळवून दिलं, तो आवाजच राहत नाही. कालपर्यंत सहज लागणारा तार सप्तकातला सूर आज फाटतो. पट्टी बदलावी लागते, तानांची सवय नव्याने लावावी लागते. या काळात गळ्यावर जोर दिला तर नुकसान होऊ शकतं, म्हणून जाणते गुरू मंद्र सप्तकातला, बेताचा रियाझ करून घेतात.

अडचण अशी की नेमक्या याच काळात कार्यक्रमांची मागणी सर्वांत जास्त असते. शो ताजा असतो, आयोजक रांगेत असतात आणि श्रोत्यांना टीव्हीवर ऐकलेला तोच आवाज हवा असतो. बालगायक म्हणून गाजलेली अनेक मुलं इथेच मागे पडतात.

इथे प्रथमेशने निवडलेला गाण्याचा प्रकार त्याच्या कामी आला. सिनेसंगीतात आवाजाचा पोत हाच ब्रँड असतो. नाट्यसंगीत, अभंग आणि शास्त्रीय गाण्यात आवाजाइतकंच महत्त्व तालमीला आणि मांडणीला असतं. आवाज बदलला तरी शिकलेला राग हरवत नाही. त्यामुळे प्रौढ आवाजात परत उभं राहायला त्याच्याकडे भक्कम जमीन होती.

पाच जण, पाच वाटा

पंचरत्नांपैकी प्रत्येकाने वेगळा रस्ता धरला. आर्या आंबेकर ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या सिनेमात नायिका म्हणून दिसली आणि पार्श्वगायनही करत राहिली. रोहित राऊत पुन्हा स्पर्धेत उतरला आणि ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात २०२० साली उपविजेता ठरला. कार्तिकी लोकगीतं आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत रमली. मुग्धाने संगीतातच पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

प्रथमेशने मात्र सुरुवातीला जे गाणं धरलं होतं, ते सोडलं नाही. त्याच्या नावावर सिनेमातल्या हिट गाण्यांची रांग नाही. म्हणून ‘पुढे काही केलं नाही का त्याने?’ असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. पण या प्रश्नातच एक गैरसमज आहे. गायकाचं यश म्हणजे पार्श्वगायन, असं आपण धरून चालतो. मराठीत वर्षभरात गाजणारी सिनेगीतं मोजकी आणि ती गाणारे आवाज त्याहून मोजके. मग बाकीचे गायक जगतात कशावर?

उत्तर आहे मैफल

मराठी गायकाचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे नाही, सणांप्रमाणे चालतं. गुढीपाडव्याची पहाट, आषाढी एकादशीचे अभंग, गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, माघी गणपती. मधल्या काळात संस्थांचे वर्धापनदिन, स्मृतिदिन आणि गावोगावच्या देवस्थानांचे उत्सव. या कार्यक्रमांची बातमी क्वचितच होते, रील तर त्याहून क्वचित. पण नाट्यगीत आणि अभंग गाणाऱ्या कलाकाराचं घर यावरच चालतं.

रत्नागिरी जिल्हा तर या बाबतीत श्रीमंत. इथे देवळातल्या उत्सवात कीर्तन, भजन आणि गावकऱ्यांनीच बसवलेलं नाटक ही जुनी रीत. पेटी आणि तबला वाजवणारं माणूस जवळपास प्रत्येक वाडीत सापडतं. रत्नागिरी शहरात ‘खल्वायन’सारखी संस्था वर्षानुवर्षं संगीत नाटकं आणि मैफली करते. थिबा राजवाड्याच्या परिसरात ‘आर्ट सर्कल’चा कला संगीत महोत्सव भरतो, तिथे देशभरातले कलाकार येतात. हौशी संगीत नाटकांची राज्य स्पर्धाही रत्नागिरीत रंगलेली आहे. म्हणजे तिकीट काढून किंवा सतरंजीवर बसून नाट्यपद ऐकणारा माणूस इथे आजही आहे.

टीव्हीने प्रथमेशला ओळख दिली, यात शंका नाही. पण ज्या गाण्यासाठी तो ओळखला गेला, त्या गाण्याचा श्रोता टीव्हीच्या आधीपासून कोकणात होता आणि शो संपल्यावरही तिथेच राहिला.

परत त्याच मंचावर, पण दुसऱ्या खुर्चीत

जून २०२१ मध्ये झी मराठीने ‘लिटल चॅम्प्स’ पुन्हा आणलं. सूत्रसंचालक मृण्मयी देशपांडे आणि ज्युरीच्या खुर्चीत चक्क पंचरत्न. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्यांना गुण मिळत होते, ते आता मुलांच्या गाण्यावर बोलत होते.

सोशल मीडियावर यावरही टीका झाली. ‘हे अजून लहान आहेत, हे काय परीक्षण करणार?’ असा सूर होता. इथेही तोच घोळ. पाचही जण तोवर सज्ञान झालेले, दहा वर्षांहून जास्त काळ मंचावर गाणारे कलाकार होते. पण प्रेक्षकांच्या नजरेत ते अजून स्पर्धकच होते. खरं तर मुलांच्या मनावर कॅमेऱ्याचं काय ओझं असतं, हे त्या खुर्चीतल्या माणसांना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत असणार.

मुग्धा, लग्न आणि ‘दादा’

२००८ च्या पर्वात मुग्धा पाच जणांत सर्वांत लहान. मोठ्या मुलाला ‘दादा’ म्हणायची आपल्याकडे रीतच. शाळेतल्या मोठ्या मुलाला, शेजारच्या मुलाला, गाण्याच्या क्लासमधल्या सिनियरला, सगळ्यांना आपण दादाच म्हणतो. ते नातं नसतं, वयाचा मान असतो.

पुढे दोघं एकाच प्रकारचं गाणं गात राहिली, कार्यक्रमांत एकत्र मंचावर येत राहिली. ओळखीचं रूपांतर प्रेमात झालं आणि जून २०२३ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. डिसेंबर २०२३ मध्ये चिपळूणला त्यांचं लग्न झालं. अलिबागची मुग्धा आरवलीची सून झाली.

ही बातमी इतकी का गाजली? कारण २००८-०९ मध्ये लोकांनी या मुलांना नुसतं ऐकलं नव्हतं. त्यांच्यासाठी पदरचे पैसे घालून एसएमएस केले होते, गावात बॅनर लावले होते. मतदानाच्या या पद्धतीत प्रेक्षकाला वाटू लागतं की हा मुलगा आपणच मोठा केला. त्यातून माया येते, तसा हक्कही येतो. मग तो मुलगा मोठा होऊन कुणाशी लग्न करतो, काय घालतो, किती जाड-बारीक झाला, यावर मत देणं हा आपला अधिकारच आहे असं लोक धरून चालतात. ‘मोदक’ हे नाव प्रेमाने दिलेलं होतं. पण लहानपणी शरीरावरून पडलेलं नाव तिशीपर्यंत पाठ सोडत नसेल, तर त्या प्रेमाचंही ओझं होऊ शकतं.

आज एखादं मूल अशा शोमध्ये गेलं तर?

२००८ मध्ये जे नियम नव्हते, ते आता आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराबाबत या गोष्टी पाळाव्या लागतात:

- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
- निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि शाळा बुडू नये याची व्यवस्था करायची.
- मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची.
- मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही.

हे नियम वेळ आणि पैशांपुरते आहेत. शो संपल्यावर आवाज फुटण्याच्या काळात मुलाला कार्यक्रमांपासून थोडं लांब ठेवायचं की नाही, हे कुठलाही नियम सांगत नाही. तो निर्णय आई-वडील आणि गुरूंनाच घ्यावा लागतो. आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या क्लिपवरून आजच्या माणसाला काय बोलायचं, हे तर पूर्णपणे प्रेक्षकांच्या हातात आहे.

प्रथमेश लघाटे लिटल चॅम्प्सचा विजेता नव्हता, सिनेमाचा स्टारही झाला नाही. लहानपणी जे गाणं गात होता तेच गाणं शिकत तो मोठा झाला आणि आज तेच गाऊन जगतो. त्यामुळे ‘तो सध्या काय करतो?’ याचं उत्तर सोपं आहे. तो गातो. पुढच्या दिवाळी पहाटेला जवळच्या नाट्यगृहाबाहेर त्याच्या नावाचा बोर्ड दिसला, तर ‘मोदक’ बघायला म्हणून नको, नाट्यपद ऐकायला म्हणून आत जायला हरकत नाही.