देवघरातील दोन वारसे

मराठी घरातील देवघराकडे आपण बहुधा श्रद्धेच्या किंवा मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने पाहतो. कोणत्या देवाच्या हाती कोणते आयुध, त्याचे वाहन कोणते, एवढी नोंद झाली की प्रतीकाचा विचार संपला असे मानतो. परंतु ताम्हनातले हे देव कोणत्या वाटेने घरात आले, असा प्रश्न विचारला की देवघर ही त्या कुटुंबाची अक्षरांवाचून लिहिलेली बखर ठरते.

या बखरीतील पहिली नोंद टाकांची. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली ही प्रतिमा तळहातावर मावेल एवढी असते. घोड्यावर स्वार झालेला खंडोबा, त्याच्यासह म्हाळसा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरजवळच्या डोंगरावरचा जोतिबा ही त्यातली नेहमीची दैवते. त्यांच्याच शेजारी घरातल्या मृत पूर्वजाचा, ‘वीरा’चाही टाक असतो. म्हणजे देव आणि पितर एकाच पाटावर नांदतात. लग्नकार्यानंतर हे टाक जेजुरीला किंवा तुळजापूरला भेटीसाठी नेण्याची प्रथा आहे. घरचा देव मूळ स्थानी जाऊन येतो आणि कुळाचे क्षेत्राशी असलेले नाते नव्याने बांधले जाते. टाक हे अशा रीतीने कुळाचे, म्हणजेच पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या परंपरेचे चिन्ह आहे. स्मार्त घरांतल्या पंचायतनात तर मुखवट्याचीही गरज नसते. गंडकीचा शाळिग्राम विष्णू होतो, नर्मदेतला बाण शिव होतो. तेथेही वारसा पित्याचाच.

दुसरी नोंद मात्र वेगळ्या वाटेने येते. विवाहाच्या दिवशी वधू गौरीहर पूजते. त्या वेळी माहेरची अन्नपूर्णा आणि अनेक घरांत रांगता बाळकृष्ण तिला दिला जातो, आणि ती ते घेऊन सासरी येते. सासरच्या देवघरात तिच्या स्वतःच्या घराची एवढीच खूण असते.

या देण्यामागचा अर्थ नीट पाहायला हवा. अन्नपूर्णेच्या हाती पळी आहे. काशीच्या कथेत साक्षात शिव तिच्यापुढे भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, म्हणून ती दात्री आहे. पण हीच पळी नववधूला तिची जागा स्वयंपाकघरात आहे, हेही सांगते. लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण तिच्याकडून काय अपेक्षित आहे, ते न बोलता बोलतो. खंडोबाच्या हाती खड्ग आणि अन्नपूर्णेच्या हाती पळी, ही कामांची वाटणी एकाच ताम्हनात रोज न्हाऊन निघत होती.

याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाला जन्मतः हक्क होता, मुलीला नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही तो दिला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तोवर विवाह न झालेल्या मुलींपुरता, हा हक्क मान्य केला. केंद्रीय कायद्यात तो २००५ च्या दुरुस्तीने आला. तोपर्यंत जमीन भावांत वाटली जाई आणि मुलीच्या हाती पितळेची एक लहानशी मूर्ती येई.

अनेक जुन्या देवघरांत दोन-तीन अन्नपूर्णा आढळतात. ‘एकाच देवाच्या इतक्या मूर्ती कशाला?’ असे म्हणून जास्तीच्या मूर्तींचे विसर्जनही केले जाते. वस्तुतः त्यांतली एक सासूची असते, एक आजेसासूची. कुटुंबाच्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. लग्नात बदललेल्या नावामुळे त्या स्त्रियांची माहेरची नावेही कुणाला ठाऊक नसतात. रोजच्या अभिषेकाने नाक-डोळे झिजून गेलेल्या त्या अन्नपूर्णा मात्र मोजता येतात. जितक्या मूर्ती, तितक्या स्त्रिया या घरात आल्या. जास्तीची म्हणून एखादी मूर्ती आपण नदीत सोडतो, तेव्हा त्यांच्यापैकी एकीची बहुधा शेवटची नोंद पुसतो.