गाडी दिसते, मागचं दिसत नाही

गेल्या रविवारी खडवलीला बहिणीकडे गेलो होतो. जेवणं उरकून पडवीत बसलो, तेवढ्यात भाच्याने विषय काढला. "मामा, गाडी घ्यायचीय. सीएनजी घेऊ की इलेक्ट्रिक?" भिवंडीच्या एका गोदामात नोकरी, जाऊन-येऊन रोजचे पन्नास-साठ किलोमीटर, आणि कर्जाचा हप्ता सात वर्षांचा. (मामा इतिहासाची पुस्तकं वाचतो म्हणजे त्याला मोटारीतलंही कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे.) तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता लिहायला बसलोय. भाचा वाचेलच.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. २००४ साली मी माझ्या जुन्या गाडीला एलपीजी किट बसवलं. पहिली दोन वर्षं भेटेल त्याला बचतीचा हिशोब ऐकवायचो. मग आमच्या भागातला गॅस भरायचा पंप बंद झाला. त्यानंतरचा इतका लांब, की तिथे जाऊन येण्यातच बचत संपायची. गाडीत काही बिघाड नव्हता, किटमध्येही नव्हता. पण रिकाम्या टाकीने अडलेली डिकी घेऊन मी पुढे बरीच वर्षं पेट्रोलच भरत होतो. तेव्हा एक गोष्ट कळली. आपण गाडी निवडतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तिच्यामागची व्यवस्था निवडत असतो.

इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! विजेची गाडी ही काही आजची नवलाई नाही. पण शहराबाहेर वीज नव्हती आणि पेट्रोलचा डबा कुठेही नेता येत होता. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये बटणावर चालू होणारा स्टार्टर आला, हँडल मारण्याची कटकट गेली, आणि विजेच्या गाडीचा उरलासुरला फायदाही गेला.

आपल्याकडची गोष्ट आजोबा सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या मागे बंबासारखी भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा, आणि निघण्याआधी क्लीनरने बराच वेळ पंख्याचं हँडल फिरवायचं. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन जळणारा, बाकी बराचसा नुसता नायट्रोजन. जोर कसला असणार? कल्याण-मुरबाड रस्त्यावर चढ आला की उतारूंनी मुकाट्याने खाली उतरायचं. तरी गाड्या चालल्या, कारण कोळसा गावोगाव मिळत होता. पेट्रोल परत आल्यावर मात्र त्या भट्ट्या कुणी ठेवल्या नाहीत.

आता खडवलीत बसून जे समोर दिसतं ते सांगतो. जीआयपी रेल्वेचे रूळ १८५५ साली कल्याणहून वाशिंदपर्यंत पोचले, म्हणजे खडवलीवरूनच गेले. पुढची पंचाहत्तर वर्षं इथून धुराच्या गाड्या धावल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० च्या सुमारास तारा इगतपुरीपर्यंत गेल्या. इंजिनाचा धूर गेला. पण गेला कुठे? या विजेसाठी रेल्वेने ठाकुर्लीला, चोळ्याला, स्वतःचं पॉवर हाऊस उभारलं होतं. तिथेही कोळसाच जळायचा! म्हणजे वाटेत प्रत्येक गावात थोडा थोडा पडणारा धूर एका गावाच्या चिमणीत गोळा झाला. ते पॉवर हाऊस केव्हाच बंद पडलं, लोकल मात्र चालू आहे. ही विजेची खरी खुबी. मागचं इंधन बदललं तरी गाडी बदलावी लागत नाही.

आज महाराष्ट्रात इलेक्ट्रिक मोटार चार्जिंगला लावली की त्या विजेतला मोठा वाटा अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणच्या कोळशाचा असतो. खडवलीत धूर नाही, म्हणजे धूरच नाही असं नव्हे. पण सौर वीज वाढत जाईल तशी तीच जुनी गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीचं असं होत नाही. ती जुनी होते तसा तिचा धूर वाढतोच.

मग अडचण काय? लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते, मोटारीला आपली शिदोरी पाठीवर घेऊन फिरावं लागतं. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटही जेमतेम. विजेची मोटर त्यातला ८५-९० टक्के भाग चाकापर्यंत पोचवते आणि पेट्रोलचं इंजिन जेमतेम पाव हिस्सा, म्हणून हा व्यवहार जमतो.

सीएनजी सुमारे २०० पट दाबाखाली भरावा लागतो, त्याला पाइपलाइन आणि कॉम्प्रेसर हवा. मुंबईत महानगर गॅस १९९५ पासून आहे म्हणून तिथल्या टॅक्स्या त्यावर चालल्या. इथेनॉलचे प्रयोग २००१ साली आपल्याच मिरज आणि मनमाडला झाले, आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधलं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. त्यामागे साखर कारखाने आधीच उभे होते. (त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, आणि उसाच्या पाण्याचा हिशोब वेगळाच.) उलट मोगली एरंडाच्या डिझेलचा २००३ नंतर केवढा गाजावाजा झाला! माळरानावर बिया पुरेशा आल्या नाहीत, गोळा करणारी साखळी उभी राहिली नाही, संपलं.

तर भाचेबुवा, तुझा प्रश्न इंजिनाचा नाहीच. साठ किलोमीटर रोज, गाडी रात्रभर घरी, म्हणजे तुझा पंप तुझ्याच अंगणात. मी तुझ्या जागी असतो तर इलेक्ट्रिक घेतली असती. फक्त एक आठवण ठेव. भातशाला पूर आला की तुमच्या अंगणात पाणी कुठवर चढतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्लग त्याच्या वर हवा.

हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "मामा, गाडीचं नक्की नाही, पण आईने ओटा बांधायला गवंडी सांगितलाय."

आमच्या ताईला इतिहास वाचावा लागत नाही.