लाल वायर जिथली तिथे

गिटारच्या बंद पडलेल्या पेडलमधलं सर्किट बहुतेक वेळा धडधाकट असतं. तुटते ती वायर, आणि तीही ठरलेल्या जागी: नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या क्लिपशी, जॅकच्या कानावर, नाहीतर पायाने दाबायच्या स्विचखाली. केबलची ओढ, बॅटरी बदलतानाचा हिसका आणि बुटाची टाच जिथे पोचते तिथेच. पेडलांची ही रचना कुठून आली, हे दुरुस्तीला बसणाऱ्याने जाणून घ्यावंच, असं मला मनापासून वाटतं.

फझ म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणारं पेडल. त्याचा उगमच बिघाडातला. अमेरिकेत नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना कन्सोलच्या एका चॅनलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारांच्या बेसचा आवाज फाटून, गुरगुरत बाहेर आला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि तो आवाज पुन्हा कसा काढायचा, अशी विचारणा होऊ लागली. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी रेविस हॉब्ज यांच्यासोबत तोच आवाज मुद्दाम काढणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. पहिली काही वर्षं त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९६५ मध्ये 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ते वाजवलं. त्याच्या मनात त्या जागी खरं तर ब्रासची वाद्यं होती. पण लोकांनी फझच उचलून धरला.

पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस नावाचा फझ काढला, गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे जगभर पोचलेला. माईक स्टँडच्या बैठकीसारखा गोल डबा, आणि आत सर्किटचे भाग अकराच: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. इतकं कमी सामान असलं, की उरतं ते वायरिंगच.

त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे इनपुटचा जॅक. गिटारची केबल मोनो, पण जॅक मात्र स्टिरिओ बसवलेला. बॅटरीचं एक टोक त्याच्या जादा कानावर येतं. मोनो प्लग आत गेला, की त्याची लांब धातूची बाही तो कान आणि अर्थ एकमेकांना जोडते आणि पेडलला वीज मिळते. प्लग काढला की बॅटरी बंद. वेगळा स्विच नको, वेगळा खर्च नको. म्हणूनच पेडल 'मेलं' असं वाटलं, की मी मीटर आधी तिथे लावतो. आणि केबल तशीच लावलेली राहिली तर बॅटरी हळूहळू संपत जाते, तेही याच रचनेमुळे.

सुरुवातीच्या फझ फेसमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे, पीएनपी जातीचे. त्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला जातो. म्हणजे लाल वायर जॅकच्या त्या कानावर आणि काळी सर्किटकडे. नवख्या कारागिराला ही चूक वाटते, तो वायरींची अदलाबदल करतो आणि चांगलं सर्किट गप्प होतं. हात लावण्याआधी ट्रान्झिस्टरवरचा नंबर वाचावा. एसी १२८ दिसला तर लाल वायर जिथली तिथे. आपल्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतही हाच नंबर सापडे, त्यामुळे रेडिओ दुरुस्त केलेल्या वडीलधाऱ्यांना तो सांगावा लागत नाही.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापलं की प्रवाहाची गळती वाढते, बायस सरकतो आणि आवाज बदलतो. मुंबईच्या मे महिन्यात हा फरक कानाला कळतो. सोल्डर करताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. वायर बारीक तारांची, लवचीक घ्यावी आणि किंचित सैल ठेवावी. ताणलेली वायर पुन्हा तिथेच तुटते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर क्लिप आणि जॅक दोन्ही मिळतात. जॅक मात्र हातात घेऊन, आतली स्प्रिंगची पानं घट्ट आहेत ना हे बघूनच घ्यावा.

१९७७ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने छोटी पेडलं आणली. त्यांत पायाखालचा स्विच फक्त इशारा देतो, आवाजाची वाट बदलण्याचं काम एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर करतात. ती टिकाऊ आहेत, यात वादच नाही; पण जुन्या फझची गोष्ट वेगळी.

जुना फझ दुरुस्त करून परत देताना मी झाकणाच्या आत कागद चिकटवतो: अर्थ पॉझिटिव्ह. बाकीच्या पेडलांच्या सामायिक अडॅप्टरवर हे जोडलं, तर केबलींच्या अर्थमधून पुरवठाच शॉर्ट होतो. त्याला त्याची स्वतंत्र बॅटरीच द्यावी.